दहाच्या आत

आईने बीट हातात धरलं होतं ते मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसं. देठाला, दोन बोटांत.

"हे सोलायचं कसं?" तिने मला विचारलं.

मी तेव्हा एकतीस वर्षांची होते, आई चौसष्ट वर्षांची, आणि आमच्या स्वयंपाकघरात बीट पहिल्यांदाच आलं होतं. जयसिंगपुरातलं आमचं घर जैनांचं, आणि त्यातही आईचं. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, जमिनीच्या पोटात वाढणारं काहीही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. सूर्य मावळला की गॅस बंद. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेवटच्या आजारात एकदा बटाट्याची भाजी मागितली होती. तिने दिली नाही. "पुढच्या जन्माचं बघायला नको का?" म्हणाली. चार दिवसांनी अण्णा गेले, आणि त्या भाजीबद्दल तिला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही.

तीच बाई सकाळी सकाळी मंडईत जाऊन बीट आणि गाजरं घेऊन आली होती.

"दे, मी सोलते," मी म्हणाले.

"नको. पाप माझ्या हातून होऊ दे. तू फक्त पी."

हे सगळं अक्कासाठी चाललं होतं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, त्रिशला. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. सांगलीला दिलेली, एक मुलगी, प्राची, नऊ वर्षांची. आधी कावीळ म्हणून औषधं झाली, मग पोटात पाणी व्हायला लागलं, मग पुण्याच्या मोठ्या इस्पितळात कळलं की तिच्या शरीरातलीच ताकद उलटून तिच्या लिव्हरवर चालून गेली आहे आणि लिव्हर आता आक्रसून गेलं आहे. दुसऱ्या कुणाचा तरी तुकडा काढून बसवायचा, एवढाच उपाय उरला होता. दाजींचा, म्हणजे अक्काच्या नवऱ्याचा, रक्तगट जुळेना. आईचं वय बसेना. राहिले मी.

डॉक्टर सरनोबत नावाचे शांत गृहस्थ होते. माझे सगळे फोटो उजेडाच्या पाटीवर लावून त्यांनी आम्हाला समजावलं.

"राजमतीताईंचं लिव्हर जुळतंय. आकारही चांगला आहे. पण त्यात चरबी आहे, एकोणीस टक्के. इतकी चरबी असलेला तुकडा काढला तर त्यांनाही धोका आणि पेशंटलाही. दहाच्या आत आणा. तळलेलं बंद, गोड बंद, रोज तासभर भरभर चालायचं. वजन सहा-सात किलो उतरलं पाहिजे. सहा आठवड्यांनी परत बघू."

"दहाच्या आत," आईने पाठ केल्यासारखं म्हटलं. मग तिने माझा हात मनगटाशी धरला आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला, दुकानात कापड दाखवावं तसा. "पण डॉक्टर, हिचं लिव्हर बसवलं तर आमच्या त्रिशलाला पण असं उठेल का?"

माझ्या बोटांवर, मानेवर आणि ओठांच्या कडेला पांढरे डाग आहेत. चौदाव्या वर्षी सुरू झाले.

डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग आईकडे. "असं होत नाही, आजी."

"नक्की ना? नाहीतर तिचा नवरा..."

"नक्की."

मग त्यांनी आईला आणि दाजींना बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं.

"हे मी प्रत्येक देणाऱ्याला विचारतो," ते म्हणाले. "कुणाची जबरदस्ती आहे का? नको असेल तर आत्ता सांगा. घरच्यांना मी एवढंच सांगेन की लिव्हर जुळत नाही. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"मला द्यायचंय," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. अक्काने माझं वाईट कधी केलं नव्हतं. तिला दाखवायला माणसं यायची तेव्हा आई मला मामाकडे निपाणीला पाठवायची. लग्नातही तीच तयारी चालली होती, तर अक्का अडून बसली होती. "राजी लग्नाला नसेल तर मी बोहल्यावर चढणार नाही." दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी चढली. मी निपाणीलाच होते. पण दोन दिवस तर उपाशी राहिली होती ना.

रसाचं डॉक्टरांनी काहीच सांगितलं नव्हतं. तिथल्या आहाराच्या बाईंनी तर उलट म्हटलं होतं की भाज्या, फळं चावून खा, रस करू नका. पण आईने घरी आल्यावर चार ठिकाणी विचारलं, एका वैद्यांकडे जाऊन आली आणि ठरवून टाकलं. "चावून खाल्लेलं कुठं लिव्हरपर्यंत पोचतंय? रस सरळ जातो."

पहाटे साडेपाचला मिक्सर सुरू व्हायचा. आधी दुधी. दुधी कडू निघाला तर विषासारखा बाधतो असं तिने ऐकलं होतं, म्हणून प्रत्येक दुधीची फोड आधी स्वतः चाखायची आणि मगच किसायची. त्यात आवळा, पुदिना, लिंबू. नाश्त्याच्या वेळी बीट आणि गाजर. मी शाळेतून आले की भुईआवळीचा काढा, तो इतका कडू की डोळ्यांत पाणी यायचं. मी एका शाळेत ग्रंथालय सांभाळायचे. जेवायला एक ज्वारीची भाकरी, उकडलेली भाजी, मुगाचं वरण. सूर्यास्तानंतर काही नाही, ते आमच्याकडे नव्हतंच.

पेला हातात दिला की आई माझ्यासमोर पाट घेऊन बसायची आणि शेवटचा थेंब जाईपर्यंत बघत राहायची.

"कडू आहे?"

"थोडा."

"दुधी नाही कडू, मी चाखलाय. आवळा असेल. घे, एका दमात घे. शाबास."

शाबास. मी आठवून पाहिलं, हा शब्द तिने मला याआधी कधी म्हटला होता का. मला सापडला नाही.

डाग लागत नाहीत, हे सतरा वर्षांत तिला दहा माणसांनी सांगितलं होतं. तरी माझं ताट, तांब्या, पेला वेगळा असायचा आणि देवाच्या पाण्याला मी हात लावायचा नाही. आता ती माझ्याबरोबर सकाळी चालायला यायची. तिचे गुडघे दुखायचे. पहिल्या गल्लीपासून कोल्हापूरच्या रस्त्यापर्यंत आणि परत, ती मागे पडायची, मी थांबायचे, ती हाताने खूण करायची, तू चाल, थांबू नकोस. ओळखीच्या बायका भेटल्या की सांगायची, "ही माझी धाकटी." गावातल्या निम्म्या लोकांना मी भाडेकरू वाटत असेन.

रविवारी तिने माझ्या डोक्याला तेल लावलं. रस पचायला डोकं थंड हवं, असं कुणीतरी तिला सांगितलं होतं. तिची बोटं केसांतून खाली मानेवर आली, मानेवरच्या डागावरून गेली. थांबली नाहीत.

जत्रेच्या बकऱ्याला पाला घालतात, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण पाला गोड लागतो.

मधे एकदा आम्ही सांगलीला अक्काला बघायला गेलो. ती पलंगावर उशांना टेकून बसली होती. डोळे हळदीसारखे, हातापायांच्या काड्या, आणि पोट मात्र भरल्या दिवसांच्या बाईसारखं. आई आत गेली तशी अक्का हळूच हसली.

"बीट आणलं म्हणे घरात?"

"गाजर पण."

"माझ्या बाळंतपणात गाजराचा हलवा मागितला होता, तर तीन दिवस बोलली नव्हती माझ्याशी." मग तिने माझा हात धरला. तिच्या घरी कुणी धरायचं नाही. "राजी, भीती वाटते?"

"नाही."

"मला वाटते. प्राचीची वाटते जास्त. पण ऐक, तुला नको वाटलं ना, अगदी टेबलावर झोपवल्यावर नको वाटलं, तरी सांग. मी रागावणार नाही."

"गप्प बस. दहाच्या आत आणते मी."

सहा आठवड्यांनी पुण्याला परत तपासणी झाली. वजन पाच किलो उतरलं होतं. चरबी अकरा टक्के.

डॉक्टर सरनोबत खुर्चीतून उठून उभेच राहिले. "एकोणीसवरून अकरा! फार कमी लोकांना जमतं हे. असंच चालू ठेवा, दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशनची तारीख धरू. पेशंटलाही आता फार थांबवता येणार नाही."

आई रडली. त्यांच्या पाया पडायला वाकली, त्यांनी पडू दिलं नाही.

परत येताना कराडच्या अलीकडे दाजींनी चहासाठी गाडी थांबवली. मला चहा बंद होता, म्हणून मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसून राहिले. ती दोघं गाडीच्या बॉनेटपाशी उभी होती. काच अर्धी उघडी होती.

"ऑपरेशन झालं की राजीला सरळ निपाणीला पाठवणार," आई सांगत होती. "मामाकडं राहील तीन-चार महिने. त्रिशला माझ्याकडं येणार, प्राची येणार. एका घरात दोन-दोन आजारी नकोत. आणि पोरीच्या डोळ्यांसमोर सारखे ते डाग नकोत."

"आई, अहो, ती देतीय," दाजी म्हणाले.

"देतीय म्हणूनच तर दोन महिने सोसलं की मी. आता होत नाही माझ्यानं. तेल लावताना अंगावर काटा येतो."

दाजींनी चहाचे पैसे दिले आणि आम्ही निघालो. आई माझ्याशेजारी बसली आणि तिने माझ्या गुडघ्यांवर शाल नीट केली. "झोपलीस होय? झोप, झोप."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी घराकडे न वळता एस.टी. स्टँडवर गेले. फाटकाच्या डाव्या हाताला शेवंताबाई नावाच्या बाईंचा वड्यांचा गाडा होता. मी दोन वडे घेतले आणि गाड्यामागच्या बाकावर बसून खाल्ले. आयुष्यातला पहिला बटाटा. चव मला काही विशेष लागली नाही. मऊ, तिखट, थोडा पिठूळ. पण तेल हनुवटीवर ओघळलं आणि ते मी बोटाने पुसून चाटलं. मग आणखी दोन घेतले. शेजारच्या दुकानातून पाव किलो जिलेबी घेतली, तीही तिथेच संपवली. नळावर तोंड धुऊन घरी आले तर आई काढा घेऊन उभी होती.

"उशीर झाला?"

"शाळेत काम होतं."

"घे, गरम आहे तोवर."

मी काढा घेतला. एका दमात. शाबास म्हणाली.

तिसऱ्या दिवसापासून शेवंताबाई मला बघितलं की न विचारताच चार वडे कागदात बांधायच्या. रविवार सोडून रोज. सकाळी दुधी, नाश्त्याला बीट, दिवसभर शाळा, मग वडे आणि जिलेबी, मग काढा. आई तशीच पहाटे उठायची, फोड चाखायची, समोर बसायची. मी तिच्याकडे बघत सावकाश प्यायचे. आता मी एका दमात पीत नव्हते.

दुसऱ्या रविवारी तिने मला औषधाच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं. वजन दीड किलो वाढलं होतं. तिने मला उतरवून पुन्हा चढवलं.

"काटा बिघडलाय," ती म्हणाली. पण घरी आल्यावर माझी भाकरी अर्धी केली आणि त्या दिवसापासून स्वतः एक वेळ जेवायला लागली. "माझंच काहीतरी चुकतंय. भाव शुद्ध नसला की औषध लागू पडत नाही." त्या संध्याकाळी तिने माझे पाय चेपून दिले. मी नको म्हणाले नाही.

तीन आठवड्यांनी पुण्याला मशीनवर आकडा आला पंधरा.

डॉक्टरांनी पुन्हा सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अकराचे पंधरा कसे झाले, राजमतीताई?"

"माहीत नाही."

"काही खाताय का बाहेर? रागावत नाहीये मी. नको असेल तर अजूनही सांगा. माझा शब्द तोच आहे. पण मग त्यांच्यासाठी मला दुसरं काहीतरी बघता येईल, दुसरा कुणी शोधता येईल. वेळ नाहीये."

"मला द्यायचंय," मी म्हणाले. "आणखी दोन आठवडे द्या. आणते मी खाली."

त्यांनी चष्मा परत लावला आणि लिहिलं, दोन आठवडे.

त्या दिवसानंतर मी स्टँडवर गेले नाही. खरंच गेले नाही. पण अकराव्या दिवशी सकाळी शाळेच्या कपाटात मी पुस्तकं लावत होते, तेव्हा शिपाई निरोप घेऊन आला. अक्काला रक्ताची उलटी झाली होती. सांगलीच्या इस्पितळात पोचेपर्यंत दुसरी झाली. मी पोचले तेव्हा अक्का गेली होती. दाजी पायरीवर बसले होते आणि प्राची त्यांच्या शर्टाच्या बाहीवरचे डाग ओल्या रुमालाने पुसत होती. रक्त असं जात नाही, थंड पाणी लागतं, असं मी तिला सांगितलं. का सांगितलं, कोण जाणे.

आई रडली नाही. तिने एकच गोष्ट धरली: कंदमूळ. आपण घरात बीट आणलं, जमिनीतल्या असंख्य जिवांची हिंसा केली, ते पाप पोरीला भोवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगायची. दाजी म्हणायचे, "आई, तसं नसतं हो." ती ऐकायची नाही. जेवण निम्म्यावर आलं, रात्रभर माळ ओढत बसायची. मी शेजारच्या खोलीत असायचे आणि मणी मोजल्याचा आवाज ऐकत असायचे. सांगायला मला कुणी अडवलं नव्हतं.

दोन महिन्यांनी बाहुबलीच्या डोंगरावर कुणी महाराज आले आहेत असं कळलं. आईला त्यांच्यासमोर प्रायश्चित्त घ्यायचं होतं. गुडघ्यांमुळे एकटीला जमेना, म्हणून मी बरोबर निघाले. स्टँडवर एस.टी.ला वेळ होता. आई पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. मी तिला दुसऱ्या फाटकाने आणलं होतं, पण शेवंताबाई पाणी भरायला नळावर आल्या होत्या.

"अगं बाई, ताई! किती दिवसांनी!" त्या लांबूनच म्हणाल्या. "मला वाटलं बदली झाली की काय. आजारी होता? रोज चार वडे खाणारं माणूस एकदम यायचं बंद झालं, म्हटलं काय झालं असेल." मग त्यांचं लक्ष आईकडे गेलं. "आई होय तुमच्या? आजी, लई गुणाची लेक आहे. आमचा गाडा हिनंच चालवला तीन आठवडे."

आईने त्यांना नमस्कार केला. "कधी हे?" तिने विचारलं. अगदी साध्या आवाजात.

"झाले की दोन-अडीच महिने. उन्हाळा लागायच्या आधी."

एस.टी. आली. माणसं चढली. आई बाकावरून उठली, तिने पिशवी उचलली. "चल घरी," म्हणाली.

घरापर्यंत ती माझ्या पुढे चालली. गुडघे दुखत होते तरी कुठे थांबली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने पिशवी ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे तोंड केलं.

"तुला द्यायचं नव्हतं?"

"द्यायचं होतं."

"मग?"

मी ओट्यावरची पिशवी सरळ केली.

"मग, राजी?"

"कराडजवळ तू दाजींशी बोललीस ते मी ऐकलं होतं. काच उघडी होती."

आईचा चेहरा जरासुद्धा बदलला नाही. "म्हणून सूड उगवलास? माझ्यावरचा राग तिच्यावर काढलास?"

"नाही." हे मी तोवर स्वतःशीही कधी बोलले नव्हते. "मला फक्त आणखी थोडे दिवस हवे होते. दहाच्या आत आलं की तू मला निपाणीला पाठवणार होतीस. तू पहाटे उठायचीस. समोर बसायचीस. शाबास म्हणायचीस. ते सगळं ऑपरेशनच्या दिवशी संपणार होतं. मला वाटलं, दोन-तीन आठवडे पुढे ढकलू. अक्का थांबेल, असं वाटलं."

बाहेर कुणीतरी भाजी विकत होतं. त्याची हाक गल्लीच्या टोकापर्यंत गेली.

"मागायचं होतंस," ती म्हणाली.

"मागितलं असतं तर दिलं असतंस?"

ती खरोखर विचार करत होती. मला दिसत होतं. जन्मात पहिल्यांदा ती माझ्या प्रश्नाचा विचार करत होती.

"नाही," ती म्हणाली. "दिलं नसतं. पण देईन म्हणून खोटं बोलले असते. माझी पोर जगली असती."

त्यानंतर आम्ही तेरा वर्षं त्या घरात राहिलो, दोघीच. तिने ही गोष्ट कुणाला सांगितली नाही. दाजींना नाही, मामाला नाही, महाराजांकडेही ती पुन्हा निघाली नाही. देवळात बायका अक्काचा विषय काढायच्या तेव्हा "तिचं आयुष्य तेवढंच" म्हणून गप्प व्हायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची: दूध आलं का, दार लाव. मला वाटायचं, काही झालं तरी आई आहे, मला झाकते आहे. एकदा, ती अंथरुणाला खिळल्यावर, मी न राहवून विचारलंच. "तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

तिने डोळे उघडले. आवाज खोल गेला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"सांगितलं तर लोक येतील. तुझ्याकडं बघतील, तुला शिव्या देतील, तुझ्याशी बोलतील. तेवढं पण तुला मिळू द्यायचं नाही मला."

गेल्या चैत्रात आई गेली. म्हणून आता सांगते आहे.